क्राकाताऊ: बळी लाव्हाचे नव्हे, पाण्याचे

महोदय,

ऑगस्टचा शेवटचा आठवडा आला की इंडोनेशियातील क्राकाताऊ या ज्वालामुखी बेटाच्या १८८३ सालच्या उद्रेकाबद्दलचे संदेश आणि चित्रफिती हमखास फिरू लागतात. आता तेच आकडे पुरवण्यांत आणि स्पर्धा परीक्षांच्या टिपणांतही जसेच्या तसे उतरू लागले आहेत, म्हणून हे पत्र.

सर्वांत मोठा घोळ चित्रांपासूनच सुरू होतो. डोंगरउतारावरून वाहणारा लालभडक लाव्हा आणि त्यापुढे पळणारी माणसे, असे काही तिथे घडलेच नाही. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट पातळ लाव्हाचा, थरावर थर पसरलेला. क्राकाताऊचा शिलारस मात्र सिलिकायुक्त आणि चिकट होता. त्यात कोंडलेला वायू सहज सुटत नाही. दाब वाढत जातो आणि शेवटी शिलारसाचाच भुगा होऊन राख आणि प्यूमिस (हलका, सच्छिद्र दगड) उसळतो. डच सरकारी नोंदीप्रमाणे मृतांचा आकडा ३६,४१७. त्यांतले बहुसंख्य बळी त्सुनामीचे. जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या सुंदा सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवर लाटा काही ठिकाणी ३० मीटरहून उंच चढल्या. जावाच्या किनाऱ्यावरचे अन्येर आणि मेराक पुसले गेले. सुमात्रातील तेलुक बेतुंग येथे ‘बेरौ’ ही वाफेवरची युद्धनौका लाटेने सुमारे तीन किलोमीटर आत नेऊन टाकली. तिथल्याच लाम्पुंग उपसागरातले ‘लाउडन’ हे जहाज मात्र वाचले, कारण कप्तानाने नाळ (जहाजाचे पुढचे टोक) थेट लाटेकडे वळवली होती. लाट आडवी अंगावर घेतली असती तर जहाज उलटले असते.

अग्नीने मेलेलेही होते, पण वेगळ्या प्रकारे. तापलेली राख आणि वायू यांचा झोत समुद्राच्या पृष्ठभागावरून सुमारे ४० किलोमीटर सरकत सुमात्राच्या केतिंबांग भागात पोहोचला आणि तिथे लोक भाजून मेले. असेच लोट प्रचंड प्रमाणात समुद्रात घुसल्याने मोठ्या लाटा उठल्या, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. ‘बेटाला भेग पडली, समुद्र आत शिरला आणि बॉयलरसारखा स्फोट झाला’ ही जुनी गोष्ट पाठ्यपुस्तकांत टिकून आहे, पण मुख्य स्फोटाचे कारण म्हणून ती पुरत नाही.

‘बेसावध असताना एका क्षणात बेट उडाले’ हेही चूक. उद्रेक २० मे १८८३ रोजीच सुरू झाला होता. आठवड्याभरात बटाविया, म्हणजे आजच्या जकार्ताहून, ऐंशीहून अधिक हौशी प्रवासी याच ‘लाउडन’ने बेटावर सहलीला गेले आणि विवराच्या काठापर्यंत चढून आले! ११ ऑगस्टला एका डच अधिकाऱ्याने जाऊन नकाशाही काढला. २६ ऑगस्टच्या दुपारपासून जोर वाढला आणि २७ तारखेच्या सकाळी साधारण साडेपाच, पावणेसात, दहा आणि पावणेअकराच्या सुमारास चार प्रचंड स्फोट झाले. त्यांतला दहाचा सर्वांत मोठा. बेटाचा सुमारे दोनतृतीयांश भाग नाहीसा झाला. पेर्बुवातान आणि दानान ही शिखरे गेली, राकाता हे ८०० मीटरहून उंच शिखर अर्धे कापल्यासारखे उरले. म्हणजे ‘बेट संपूर्ण नष्ट झाले’ हेही खरे नाही.

आवाजाविषयी. सुमारे ४,८०० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावरील पोलीसप्रमुखाने तोफांसारखा आवाज ऐकल्याची नोंद केली, हे विश्वसनीय आहे. पडताळा सोपा आहे: ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे हे अंतर कापायला जवळपास चार तास, नोंदीतला उशीरही तेवढाच. पण ‘आवाज साऱ्या जगाने ऐकला’ ही थाप. जगभर फिरली ती हवेच्या दाबाची लाट. ती कानाला ऐकू येत नाही, वायुभारमापकाला कळते. मुंबईसह अनेक ठिकाणच्या आलेखांवर ती उमटली आणि साधारण ३५ तासांत एक फेरी या गतीने तिने पृथ्वीला तीनहून अधिक प्रदक्षिणा घातल्या. समाजमाध्यमांवरचा ‘३१० डेसिबल’ हा आकडा तर निरर्थकच. सामान्य वातावरणात सुमारे १९४ डेसिबलला ध्वनिलहरीचा खालचा दाब निर्वाताला टेकतो. त्यापुढे तो आवाज राहत नाही, आघातलहर (शॉक वेव्ह) होते. बटावियाच्या गॅस कारखान्यातील दाबमापकावरून काढलेला १७२ डेसिबल हा अंदाज १६० किलोमीटर अंतरावरचा आहे. अंतर न सांगता दिलेल्या डेसिबलला अर्थ नसतो.

‘इतिहासातील सर्वांत मोठा उद्रेक’ हा मान क्राकाताऊचा नव्हे. सुंबावा बेटावरील तांबोरा १८१५ मध्ये फुटला तेव्हा याच्या कितीतरी पट द्रव्य बाहेर पडले; १८१६ चे ‘उन्हाळ्याविना वर्ष’ त्याचे, तरी ते सर्रास क्राकाताऊच्या नावावर टाकले जाते. क्राकाताऊ गाजला तो तारयंत्रामुळे: बातमी थोड्याच वेळात लंडनला पोहोचली. नंतर महिनोन्महिने दिसलेल्या तांबड्या संध्याकाळी मात्र खऱ्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावात तर आग लागली समजून बंब धावले. त्याचे मुख्य कारण राख नव्हे. जड राख लवकर खाली बसते. गंधकाच्या वायूपासून बनलेले सल्फ्युरिक आम्लाचे सूक्ष्म थेंब उंचावर दोन-तीन वर्षे तरंगत राहतात.

हा सगळा इतिहास झाला असे मानू नये. १९२७ मध्ये त्याच जागी ‘अनाक क्राकाताऊ’ (‘क्राकाताऊचे मूल’) हा नवा ज्वालामुखी समुद्रातून वर आला. २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री त्याची एक बाजू समुद्रात घसरली, उंची ३३८ मीटरवरून सुमारे ११० मीटरवर आली आणि त्सुनामीत चारशेहून अधिक माणसे गेली. मोठा भूकंप झालाच नव्हता, त्यामुळे भूकंपावर बेतलेली इशारा यंत्रणा गप्प राहिली. सुरुवातीच्या सरकारी निवेदनात तर ती भरती असल्याचे सांगितले गेले. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती संस्थेतील त्सुनामी केंद्रही आधी भूकंपाची नोंद घेते आणि मग समुद्रातील बोया (तरंगती मापकयंत्रे) व भरतीमापकांवर खात्री करते. डोंगर कोसळतो तेव्हा ही पहिली पायरीच गायब असते. जागृत ज्वालामुखी असलेल्या किनाऱ्यावर सहलीला जाणाऱ्यांनी भोंग्याची वाट पाहू नये. आधी समुद्र हटेलच असे नाही. पाणी भरतीच्या वेळेविरुद्ध चढू-उतरू लागले किंवा समुद्राकडून गडगडाट थांबेना, तर सामान सोडून आतल्या भागात, उंचावर चालू लागावे.

– भूविज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक, पुणे

ता. क. एका जुन्या हॉलिवूडपटाच्या नावात हे बेट जावाच्या पूर्वेला दाखवले आहे. ते जावाच्या पश्चिमेला आहे.