बटु नवताऱ्याचा नुसता फोटो नको, रात्रभराची नोंद हवी

संपादक महोदय,

नवा बटु नवतारा (अधूनमधून एकाएकी उजळणारा तारा) सापडल्याची बातमी आली की हौशी मंडळी एक फोटो काढून मोकळी होतात. त्याचा अभ्यासकांना फारसा उपयोग नाही. श्वेतबटूभोवतीची (विझत चाललेल्या ताऱ्याच्या दाट गाभ्याभोवतीची) वायूची तबकडी भडकते आणि तारा दोन ते सहा, क्वचित आठ प्रतींनी (प्रत म्हणजे तेजस्वितेचे माप; आकडा मोठा तितका तारा मंद) उजळतो, एवढे कोणालाही दिसते. मोठ्या भडक्यात मात्र साधारण दीड तासाच्या अंतराने ०.२ ते ०.३ प्रतीचे चढउतार येतात. त्यांचा आवर्तकाल, म्हणजे एका चढउताराला लागणारा नेमका वेळ, काढायला सलग चार-पाच तास हवेत. संध्याकाळी पश्चिमेला असलेला तारा जपानात मावळलेला असतो, तेव्हा युरोपात अजून ऊन असते. मधली पोकळी आपल्या रेखांशावरूनच भरते. ती राहिली तर मधे किती चढउतार होऊन गेले ते कळत नाही आणि दोन-तीन आवर्तकाल सारखेच बरोबर वाटतात.

त्यासाठी गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या काळोख्या रानात जायलाच हवे असे नाही. आठ इंची दुर्बीण, साधा सीमॉस कॅमेरा आणि ६० सेकंदांची एक्स्पोजर असली की म्हापशाच्या गच्चीवरूनही तेराव्या प्रतीचा तारा मोजता येतो. गोव्यात उजेडापेक्षा दंवच जास्त छळते. काच हळूहळू धुरकटते, सगळे तारे सारखेच मंद होतात, म्हणून शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून काढलेला तेजाचा आलेख ठीक दिसतो. फक्त पडताळा ताऱ्याचे (मोजणी तपासायला घेतलेल्या स्थिर तेजाच्या ताऱ्याचे) बिंदू विस्कटू लागतात. १२ व्होल्टची हीटर पट्टी सुरुवातीलाच गुंडाळावी, काच धुरकटल्यावर नव्हे.

तुलनातारा, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून तेज मोजायचे तो स्थिर तारा, शक्यतो निळसर-पांढरा निवडा. भडकलेला बटु नवतारा निळा असतो. तुलनेला तांबडा तारा घेतला, तर क्षितिजाजवळ हवेमुळे आलेखाला खोटा उतार लागतो. जर्मन माउंट (दुर्बिणीची एक प्रकारची बैठक) मध्यमंडलावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, उलटते तेव्हा तारा सेन्सरच्या दुसऱ्या कोपऱ्यात जातो. फ्लॅट (सेन्सरवरचा असमान उजेड दुरुस्त करायला घेतलेले एकसारख्या प्रकाशाचे फोटो) नीट घेतले नसतील तर आलेखात तिथेच पायरी पडते, आणि पुष्कळजण तिलाच शोध समजतात! लॅपटॉपचे घड्याळ इंटरनेटवरून जुळवा. वेळ सूर्यकेंद्री करूनच, म्हणजे पृथ्वीऐवजी सूर्यावरून पाहिल्यासारखी धरूनच, आकडे जोडा, नाहीतर वर्षभरात ती दोन्ही बाजूंना आठ-आठ मिनिटांपर्यंत सरकते. तारा दिसला नाही तरी ‘अमुक प्रतीपेक्षा मंद’ असे जरूर नोंदवा; भडका कधी सुरू झाला ते त्यावरूनच ठरते.

आपल्याला एक विनंती: अशी बातमी छापताना तारकासमूहाबरोबर ताऱ्याचे विषुवांश, क्रांती (आकाशातली नेमकी जागा सांगणारे दोन आकडे) आणि शेवटची मोजलेली प्रतही द्यावी. दोन ओळींची जागा लागेल, पण वाचकाला त्याच रात्री दुर्बीण लावता येईल.

– रूपविकारी (तेज बदलणाऱ्या) ताऱ्यांचे हौशी निरीक्षक, बार्देश