वाइड लेन्सचं परीक्षण कोपरे बघून करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत कॅमेरा आणि लेन्सवर जी परीक्षणं येतात ती मी आवर्जून वाचतो, मराठीत कुणीतरी हे मनापासून लिहितंय याचंच बरं वाटतं. पण डीएसएलआरच्या (आत आरसा असलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याच्या) वाइड अँगल झूमबद्दल, म्हणजे खूप रुंद दृश्य घेणाऱ्या झूम लेन्सबद्दल, वाचताना दरवेळी खटकतं. फोकल लेंथ (मिमीतला आकडा, जितका लहान तितकं दृश्य रुंद) अमुक, वजन तमुक, हातात धरायला मजबूत, आणि शेवटी "शार्पनेस उत्तम". उत्तम म्हणजे नेमका कुठे? फोटोच्या मधोमध तर कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमीची साधी किट लेन्सही शार्प असते. वाइड झूमचा कस लागतो तो कोपऱ्यात, आणि कोपऱ्याबद्दल परीक्षणात एक ओळ नसते.

यामागचं कारण वाचकांना सांगायला हवं. एसएलआरमध्ये लेन्सच्या मागे आरसा असतो आणि तो वर उडायला जागा लागते, म्हणून कॅननच्या ईएफ माउंटपासून (लेन्स जिथे बसते त्या कडीपासून) सेन्सर ४४ मिमी लांब असतो आणि निकॉनच्या एफ माउंटपासून ४६.५ मिमी. आता १० मिमीची लेन्स एवढ्या लांबून चालवायची तर पुढे प्रकाश पसरवणाऱ्या मोठ्या काचा आणि मागे तो गोळा करणाऱ्या काचा अशी उलटी रचना करावी लागते (फ्रान्सच्या अँजेन्यू कंपनीने १९५० मध्ये ३५ मिमीची अशी लेन्स आणली आणि तिचं रेट्रोफोकस हे नाव पुढे सगळ्याच प्रकाराला चिकटलं). या सगळ्या कसरतीची किंमत कडांना मोजावी लागते, तिथे फोटो मऊ होतो, झाडाच्या फांद्यांना जांभळी-हिरवी किनार येते, सरळ रेषा वाकतात.

आणि एवढ्या काचांपैकी एखादी जराशी जरी तिरकी बसली तरी डावा कोपरा कडक आणि उजवा पुसट असा प्रकार होतो. त्यामुळे परीक्षकाच्या हातातली लेन्स आणि वाचक विकत घेणार ती, एकाच मॉडेलच्या असून वेगळ्या निघू शकतात. ते तपासायला भिंतीचा फोटो काढतात बरेच जण, पण १० मिमीला भिंतीच्या अगदी जवळ उभं राहावं लागतं, कॅमेरा किंचित तिरका झाला तरी लेन्सला उगाच दोष लागतो. त्यापेक्षा लांबची बारीक तपशील असलेली एखादी वस्तू निवडावी, ट्रायपॉडवर लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर) मोठं करून तिच्यावर फोकस करावा, मग फोकस मॅन्युअलवर टाकून हलवायचा नाही, आणि कॅमेरा फिरवत तीच वस्तू एकेक करून चारही कोपऱ्यांत आणून फोटो घ्यावा. आधी ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) पूर्ण उघडं ठेवून, मग एफ/८ ला. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो त्या डिझाइनचा स्वभाव, एकच खराब असेल तर तो नग बदलून घ्यावा. कधीकधी फोकसचा पृष्ठभागच वाकलेला असतो, म्हणून मऊ कोपऱ्यावर पुन्हा फोकस करून बघावं, तिथे नीट आला तर काच खराब नाही.

एका परीक्षणात ग्रुप फोटोच्या टोकाची माणसं रुंद दिसतात म्हणून लेन्सचे मार्क कापले होते, हे मात्र चुकीचं आहे. रेषा सरळ ठेवायच्या म्हटलं की कडेच्या गोष्टी ताणल्या जाणारच, जगातली कुठलीही चांगली वाइड लेन्स घ्या. दोष असतो तो रेषा वाकण्यात, आणि तो बघायचा तर रॉ फाइलमध्ये (सेन्सरने टिपलेल्या कच्च्या फाइलमध्ये) बघा, कारण जेपेगमध्ये बरेच कॅमेरे तो परस्पर दुरुस्त करून टाकतात.

फ्लेअरबद्दलही (थेट उजेड लेन्सवर पडून फोटोत येणारे डाग आणि धुरकटपणा) तसंच. १०० अंशांच्या वर आकाश फ्रेममध्ये घेणाऱ्या लेन्समध्ये सूर्य येणारच आणि एवढ्या रुंद लेन्सचं हूड (बाजूचं ऊन अडवणारी पुढची कड) नावापुरतंच असतं, तरी नमुन्याचे सगळे फोटो सूर्याकडे पाठ करून काढलेले. सूर्य फ्रेममध्ये, सूर्य कोपऱ्यात आणि सूर्य फ्रेमच्या किंचित बाहेर, असे तीन फोटो छापले तरी वाचकाला पुष्कळ कळेल.

एफ/२.८ म्हणजे आपोआप भारी, हाही समज आपल्या पानावरून पसरतोय. रात्रीचं आकाश टिपायचं असेल तर टोकिनाची ११-१६ एफ/२.८ कामाची, तिथे मोठं ॲपर्चर हवंच (आणि तिथेही कोपऱ्यातले तारे पंख फुटल्यासारखे होतात का ते बघायलाच हवं). पण ट्रायपॉडवर निसर्गाचे फोटो काढणाऱ्याला कॅननची २०१४ सालची हलकी १०-१८ एफ/४.५-५.६ पुरते. क्रॉप सेन्सरवर (३५ मिमी फिल्मएवढ्या फुलफ्रेम सेन्सरपेक्षा लहान सेन्सरवर) १० मिमी, एफ/८ आणि फोकस साधारण ६५ सेंमीवर ठेवला तर सुमारे ३३ सेंमीपासून अनंतापर्यंत सगळं शार्प येतं, मग एफ/२२ ला जाऊन डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) फोटो मऊ कशाला करायचा?

उलट जिथे खरा फरक पडतो ते कुणी सांगत नाही. निकॉनच्या क्रॉप सेन्सरवर १० मिमीला कोनाकोनी जवळजवळ १०९ अंश दिसतं आणि १२ मिमीला ९९, म्हणजे २ मिमीत तब्बल १० अंश गेले, तेच ५० वरून ५२ ला जेमतेम १ अंश जातो. दोन लेन्समध्ये निवडताना हा आकडा वजनापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. शिवाय क्रॉपसाठीची लेन्स पुढे फुलफ्रेमवर चालेल का हेही लिहा, कॅननची ईएफ-एस फुलफ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही, निकॉनची डीएक्स बसते पण सेन्सरचा मधला भागच वापरते.

पानावर जागा कमी असते हे मान्य. मग बॉक्सचा आणि लेन्सचा तो मोठा फोटो काढून टाका आणि त्या जागी चार कोपऱ्यांचे चार तुकडे छापा, खाली ॲपर्चर आणि फोकल लेंथ लिहून.

आपला,
एक नियमित वाचक