ताई, पेपरचा ड्राफ्ट पाठवलाय, पण आधी हे वाच

ताई,

थिसिसच्या आभाराच्या पानावर तुझ्यासाठी एकच ओळ आहे, 'डेटा अॅनालिसिसमधल्या मदतीबद्दल', आणि बाइंडिंग होऊन आल्यापासून ती मला टोचतेय. त्यात खोटं काही नाही, पण जे झालं त्यातलं काहीच त्यात नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितेय. तुझं नाव घेत नाही, तुला आवडणार नाही माहितीये, पण दोन ओळींत ओळखशीलच, आणि पीएचडीच्या मध्यात अडकलेल्या कुणाला तरी उपयोग झाला तर चांगलंच.

तिसरं वर्ष संपत आलं होतं. आमचं कंपाउंड, म्हणजे आम्ही तपासत होतो ते रसायन, दिलं की पेशी जास्त टिकतात, हा माझा मुख्य रिझल्ट, त्यावर पेपर तयार होता आणि माझ्या गाईडना, म्हणजे सरांना, तो महिन्याभरात जर्नलला पाठवायचा होता. त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांच्यासमोर जो ग्राफ होता तो स्वच्छच दिसत होता. मी तुझ्याकडे आले ते फक्त कुठली स्टॅटिस्टिकल टेस्ट लावू एवढं विचारायला. तू शेजारच्या लॅबमधली पोस्टडॉक, पीएचडीनंतरचं संशोधन करणारी, माझं काही बघायची तुझ्यावर काडीची जबाबदारी नव्हती. तू म्हणालीस, ग्राफ राहू दे, रॉ फाइल दे.

मग तू सरासरी बिरासरी काही न काढता पेशी वाढवायची प्लेट, म्हणजे छोट्या खळग्यांची, वेल्सची ती ताटली, जशी असते तशीच्या तशी एक्सेलमध्ये मांडलीस, आठ आडव्या ओळी, बारा उभे कॉलम, आणि आकड्यांना रंग दिलास, पेशी जितक्या जास्त तितका गडद. मला आजही तो स्क्रीन डोळ्यांसमोर दिसतो. कडेने चारही बाजूंनी फिकट पट्टा आणि आत गडद. माझे सगळे कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी कंपाउंड न दिलेल्या पेशी, पहिल्या आणि बाराव्या कॉलममध्ये, म्हणजे कडेला, त्यामुळे ते फिकट असणं मला बरोबरच वाटलं असतं, पण सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या ओळीतल्या वेल्समध्ये तर कंपाउंड होतं ना, आणि त्याही तितक्याच फिकट होत्या. तू बोट ठेवलंस ते तिथे. 96 वेल्सच्या प्लेटमध्ये 36 वेल्स कडेच्या, इन्क्युबेटरमध्ये त्यांच्यातलं पाणी जास्त उडतं, मीडिया, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो द्रव, घट्ट होतो, तापमानही आतल्यासारखं राहत नाही, पेशी नीट वाढत नाहीत. म्हणजे माझे कंट्रोल फिकट होते ते कंपाउंड नव्हतं म्हणून नाही, नुसते कडेला होते म्हणूनही असू शकत होतं. एज इफेक्ट हा शब्द मला माहीत होता गं, पहिल्या वर्षी प्रेझेंटेशनमध्ये वापरलाही होता. पण प्लेटचा लेआउट मला आधीच्या कुणाकडून तरी मिळालेला आणि तीन वर्षं मी तोच भरत आले.

मी म्हणाले, गेलं सगळं. तू म्हणालीस, "एक कंट्रोल गेला. बाकीचं अजून माहीत नाही."

त्या रात्री तू मला 'नेचर'चा 2016 चा तो सर्व्हे पाठवलास, 1,576 संशोधकांना विचारलं होतं आणि 70 टक्क्यांहून जास्त लोकांना दुसऱ्याचा प्रयोग करून बघताना तो जमला नव्हता, निम्म्याहून जास्त लोकांना तर स्वतःचाच परत जमला नव्हता. सोबत एक शब्दही लिहिला नाहीस. मला त्या क्षणी वाटत होतं की सगळ्या जगात मीच एकटी खोटी आहे, आणि त्या आकड्यांनी मला झोप लागली, हे तुला कधी सांगितलं नाही. अजून एक सांगितलं नाही. त्यानंतर दोन दिवस माझ्या मनात होतं की हे कुणाला कळायलाच नको, पेपर जाऊ दे जसा आहे तसा. ते मनातून गेलं ते फक्त तुला माहीत होतं म्हणून.

पण मी तुझे आभार खरं तर त्याच्या पुढच्या आठवड्यासाठी मानतेय. मी रडत आले होते, पीएचडी सोडू, टॉपिक बदलू, गाईड बदलू, सगळं एका दमात. माझे जवळचे लोक तेव्हा दोनच गोष्टी बोलत होते, एक म्हणजे इतकी वर्षं घातलीस आता कशी सोडणार, आणि दुसरी म्हणजे तब्येतीपेक्षा काही मोठं नाही, सोडून दे. दोन्ही प्रेमानेच. तू म्हणालीस, "सोडायचं की नाही हे आज ठरवू नकोस, पण काय झालं तर सोडायचं हे आजच लिही." आणि तारीख आणि आकडा घातल्याशिवाय कागद सोडू दिला नाहीस.

तो कागद माझ्याकडे आहे. बारा आठवडे. तीन वेगवेगळे रन. कडेच्या 36 मध्ये पेशी नाहीतच, नुसता मीडिया, आतल्या 60 मध्ये कंट्रोल आणि कंपाउंड रॅंडम, पेशी टाकल्यावर प्लेट थोडा वेळ बाहेर ठेवून मग इन्क्युबेटरमध्ये. फरक निम्मा जरी उरला तर याच टॉपिकवर पुढे. नाही उरला तर हे एक चॅप्टर, जसं झालं तसं लिहायचं, आणि कामाचा दुसरा भाग मुख्य करायचा. आणि तो दुसरा भाग करायची इच्छाच होत नसेल तर त्या तारखेला सोडायचं, कुणाला स्पष्टीकरण न देता. शेवटची ओळ मी लिहीत नव्हते, तू लिहायला लावलीस. गंमत अशी की ती लिहिल्यावरच मला श्वास घेता आला, कारण आता राहायचं तर ते मी ठरवून राहणार होते.

सरांना आधी मेल करायला सांगितलंस, भेटायचं नंतर. एकच पान, काय सापडलं, त्याचा अर्थ काय, मला काय करायचंय, त्यांच्याकडून काय हवंय. मी सहा वेळा लिहिलं आणि तू सहाही वेळा माफीची वाक्यं कापलीस. सर दोन दिवस गप्प होते, मग म्हणाले नवीन टाइमलाइन दे. बस. ज्या बोलण्याची मी आठवडाभर धास्ती घेतली होती ते दहा मिनिटांत संपलं.

फरक उरला नाही. 30 टक्के होता तो 4 वर आला, तोही एरर बारच्या आतच, म्हणजे मोजमापात एरवीही होतो तेवढाच. कागदाप्रमाणे ते तिसरं चॅप्टर झालं, आणि व्हायवाला, म्हणजे थिसिसच्या तोंडी परीक्षेला, पहिली चाळीस मिनिटं फक्त त्याच्यावर गेली. सगळ्यात खोलात मला तेच विचारलं आणि सगळ्यात नीट उत्तरं मी तिथेच दिली, कारण त्यातलं प्रत्येक वेल मला पाठ होतं.

आता मुद्द्याचं. त्या चॅप्टरचा मेथड पेपर, म्हणजे प्रयोगाच्या पद्धतीवरचा पेपर, होतोय आणि तू म्हणालीस की मला ऑथर करू नकोस, मी एक संध्याकाळ बसले फक्त. तसं नाहीये ते. मेडिकल जर्नल एडिटर्सच्या कमिटीच्या ऑथरशिपसाठी चार अटी आहेत, डिझाइन किंवा डेटा किंवा अॅनालिसिसमध्ये भरीव काम, ड्राफ्ट लिहिणं किंवा कसून तपासणं, फायनल व्हर्जनला मान्यता, आणि कामाची जबाबदारी घेणं. पहिली तू केव्हाच पूर्ण केलीस, चूक तू शोधलीस आणि नवीन डिझाइनही तुझंच आहे. आणि त्याच नियमांत असंही आहे की जो पहिली अट पूर्ण करतो त्याला उरलेल्यांची संधी द्यायलाच हवी. सरांशी बोललेय, त्यांचं हेच मत आहे.

ड्राफ्ट काल रात्री पाठवलाय. दुसऱ्या पानावर तो रंगांचा हीटमॅप आहे, तू मांडला होतास तसाच. वाच, लाल पेनाने हवं तेवढं काप, माफीची वाक्यं यावेळी सापडणार नाहीत. शुक्रवारपर्यंत दिलंस तर बरं, आणि शेवटी तुझं नाव तू जसं लिहितेस तसंच पडलंय ना तेवढं बघ.