टेप आधी, लॅपटॉप नंतर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

घराचा आराखडा संगणकावर स्वतःच काढायचा असे मनात आले की पहिला प्रश्न निघतो, ‘लॅपटॉप कोणता घेऊ?’ खरे तर हा तिसरा प्रश्न. पहिला, मोजमापे हातात आहेत का? दुसरा, त्यातून काढायचे काय आहे: सुताराच्या हातात देता येईल असा नकाशा, की फोटोसारखे दिसणारे चित्र? या दोहोंची उत्तरे मिळाली की यंत्र कोणते ते आपोआप ठरते. क्रम उलटला तर भारीतले ग्राफिक्स कार्ड घेऊनही कपाट कोपऱ्यात जात नाही.

सर्वांत महागात पडते ते खोली गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, आहे असे गृहीत धरणे. चार भिंती मोजल्या म्हणजे खोली मोजली असे होत नाही. त्याच चार लांबींचा चौकोन तिरकाही होऊ शकतो. निदान एक कर्ण मोजावाच लागतो, दुसरा पडताळ्यासाठी. समजा, भिंती ३००० आणि ४००० मिमी आहेत. कोपरा काटकोनात असेल तर कर्ण ५००० भरेल. तो ५०३० भरला, तर कोपरा जेमतेम पाऊण अंशाने उघडा आहे. ऐकायला किरकोळ वाटते, पण तिथे ६०० मिमी खोल कपाट उभे केले की पुढच्या कडेला सात-आठ मिमीची फट दिसते आणि तीन मीटरच्या भिंतीच्या टोकाशी हाच फरक ३८ मिमीच्या घरात जातो. कर्ण कमी भरला तर त्याहून वाईट: फट पट्टीने झाकता येते, पण आत न जाणारे कपाट तासावेच लागते. भिंतीत बसवायच्या कोणत्याही वस्तूसाठी रुंदी तीन उंचींवर घ्या, स्कर्टिंगपाशी, कमरेला आणि छताखाली. तिन्हींतले सर्वांत लहान माप खरे.

मोजण्याच्या साधनांचेही दोन बारकावे आहेत. लेझर मीटर आपले अंतर मागच्या कडेपासून मोजतो की पुढच्या, हे पडद्यावरच्या छोट्या चिन्हात दिसते. ते चुकीचे असेल तर प्रत्येक माप यंत्राच्या लांबीइतके चुकते. सगळी मापे सारखीच चुकल्यामुळे काही बिघडले आहे असे संशयालाही येत नाही. दुसरे टेपच्या टोकाच्या आकड्याचे, म्हणजे हुकाचे. तो थोडा हलतो, आणि पुष्कळजण हातोडीने ठोकून तो घट्ट करतात. कृपा करून करू नका. आकड्याची जाडी जितकी, तितकाच तो मुद्दाम सैल ठेवलेला असतो. म्हणूनच टेप अडकवून ओढला काय आणि भिंतीला टेकवून दाबला काय, माप बरोबर येते.

मापासोबत ते कशाचे आहे तेही लिहा: उघड्या विटेचे, गिलाव्याचे की फरशी लागल्यानंतरचे. न्हाणीघरात दोन्हीकडून गिलावा, मसाला आणि टाइल चढली की मोकळी रुंदी बरीच घटते. खिडकीचा उंबरा, तुळईचा तळ, दार कोणत्या बाजूला उघडते, स्विचबोर्ड आणि सांडपाण्याची तोंडे हे सारे जमिनीपासून आणि जवळच्या कोपऱ्यापासून मोजून ठेवा.

आता सॉफ्टवेअर. नुसता नकाशा आणि फर्निचरची मांडणी हवी असेल तर ‘स्वीट होम थ्रीडी’ पुरते. ते मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. जुना नकाशा पार्श्वभूमीला घेऊन त्यावर भिंती गिरवता येतात. त्यासाठी नकाशावरच्या एका ज्ञात लांबीवर रेघ ओढून तिचे खरे माप सांगावे लागते, आणि इथेच घोळ होतो. बहुतेकजण दाराची रुंदी घेतात, कारण ती पाठ असते. ९०० मिमीच्या दारावर रेघ ओढताना दहा मिमीची चूक झाली, तर दहा मीटरच्या घरात ती ११० मिमी होते. तीच चूक नऊ मीटरच्या बाहेरच्या भिंतीवर झाली तर घरभर मिळून अकरा मिमीच. तेव्हा नकाशावरचे सर्वांत लांब माप धरा, आणि मग त्याला काटकोनात असलेले दुसरे माप तपासा. ते जुळले नाही तर नकाशा मोबाइलने तिरका टिपलेला आहे. स्कॅन करून पुन्हा घ्या.

याच सॉफ्टवेअरमधली आणखी एक गोष्ट नवख्यांना हमखास चकवते. भिंत तिच्या मध्यरेषेवरून काढली जाते. जाडी १५० मिमी ठेवून चारही भिंती ३००० लांबीच्या काढल्या तर आतली खोली २८५० ची होते, तीन मीटरची नव्हे. आतली मापे हाती असतील तर प्रत्येक लांबीत भिंतीची एक पूर्ण जाडी मिळवून टाका आणि शेवटी मोजरेघ आतल्या कडांवर ओढून खात्री करा. भिंत ओढताना एंटर दाबले की लांबी आणि कोन आकड्यांत लिहिता येतात. माऊसने अंदाजे ओढत बसण्यात अर्थ नाही. तिरक्या कोपऱ्यासाठी विंडोजवर ऑल्ट धरले की चुंबकासारखी ओढ सुटते.

कपाटांचे खण, जिना, ओट्याखालची रचना असे काही बारकाईने काढायचे असेल तर ‘स्केचअप’. त्याची मोफत आवृत्ती ब्राउझरमध्ये चालते. सुरुवातीलाच मिलिमीटरचा साचा निवडा. काढलेली प्रत्येक वस्तू लगेच ग्रुप (एकत्र बांधलेला गट) किंवा कंपोनंट (एकमेकांशी जोडलेल्या प्रतींचा गट) करा. नाही केली तर तिच्या कडा शेजारच्या भिंतीला चिकटतात आणि टेबल सरकवताना भिंतच ताणली जाते. एकसारखे सहा दरवाजे असतील तर कंपोनंट. एक बदलला की सहाही बदलतात आणि फाईल हलकी राहते. रेघ तिरकी जात असेल तर बाणाच्या कळा वापरा: उजवी लाल अक्षाला, डावी हिरव्या, वरची निळ्या अक्षाला धरून ठेवते.

दुसऱ्याकडून आलेली कॅड फाईल (संगणकावर काढलेला नकाशा) उघडताना एकक विचारले जाते. इंचातली फाईल मिलिमीटर म्हणून उघडली की घर २५.४ पट लहान होते, फुटातली उघडली तर ३०४.८ पट. हे एकवेळ लगेच ध्यानात येते. पण मोजणीच्या नकाशातून आलेले घर अक्षांच्या मूळ बिंदूपासून कित्येक किलोमीटर दूर पडलेले असते, ते पटकन कळत नाही. मग रेघा थरथरतात, जवळ गेले की भिंती कापल्यासारख्या दिसतात आणि बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डावर ठपका येतो. सगळे उचलून मूळ बिंदूपाशी आणले की दुखणे संपते. फरशीवरचा गालिचा लुकलुकत असेल तर तोही कार्डाचा दोष नाही. दोन पृष्ठभाग नेमके एकाच पातळीवर आले की कोणता वर ते संगणकाला ठरवता येत नाही. गालिचा तीन मिमी वर उचला.

मॉडेल अडखळू लागले की लोक नवे यंत्र शोधतात. आधी वजन बघा. आयते मिळणारे कुंडीतले झाड किंवा चुण्यांचा पडदा एकटाच अख्ख्या घराच्या भिंतींपेक्षा जड असू शकतो. पानापानाला अनेक पृष्ठे, म्हणजे बारीक सपाट तुकडे, असतात. स्केचअपच्या मॉडेल इन्फोमधल्या आकडेवारीत कडा आणि पृष्ठे मोजलेली दिसतात. ते झाड आणण्यापूर्वी आणि आणल्यानंतर हा आकडा पाहा. तिथेच न वापरलेले सामान झाडून टाकण्याची सोय आहे, कारण चित्रातून पुसलेली वस्तू फाईलमध्ये मागे राहतेच.

चित्रांचेही तसेच. डिस्कवर दोन एमबीची दिसणारी लाकडाची जेपेग ४०९६ बाय ४०९६ ची असेल, तर ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत ती उलगडून ६४ एमबी जागा घेते आणि दूरून पाहण्यासाठीच्या लहान प्रती धरून ८५ च्या आसपास. अशी तीस चित्रे म्हणजे अडीच जीबी. १०२४ ची प्रत तीच जागा सोळाव्या हिश्श्यात भागवते. समोरच्या फरशीला मोठे चित्र द्या. कोपऱ्यातल्या उशीला कशाला?

एवढे झाल्यावर यंत्राकडे वळू. भिंती काढणे, वस्तू हलवणे यांतले बरेचसे काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालते, त्यामुळे संथ सोळा कोअरपेक्षा चपळ आठ बरे. स्वीट होम थ्रीडीमधला ‘फोटो’ प्रोसेसरच तयार करतो. तिथे महाग कार्ड लावून वेळ वाचत नाही. उलट फोटोसारखी चित्रे करणाऱ्या ‘एनस्केप’, ‘ट्विनमोशन’, ‘लुमियन’ यांची सारी भिस्त ग्राफिक्स कार्डावर. ‘ब्लेंडर’ या थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या सायकल्स या चित्र तयार करणाऱ्या भागाला दोन्ही चालतात, पण कार्ड वापरायचे ते प्रेफरन्सेसमध्ये जाऊन सांगावे लागते, आपणहून ते धरले जातेच असे नाही. लुमियन आणि इमारतीचे आराखडे काढायचे ‘रेव्हिट’ विंडोजचेच आहेत, तेव्हा मॅक घेणाऱ्याने हे आधी पाहावे.

नकाशापुरते काम असेल तर प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स आणि १६ जीबी रॅम भरपूर. मात्र ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत घ्या. अंगचे ग्राफिक्स याच रॅमवर जगते, आणि दोन पट्ट्यांमुळे त्याला दोन वाटा मिळतात. एकाच पट्टीवर तेच यंत्र जाणवण्याइतके मंदावते. फोटोसारखी चित्रे करायची असतील तर रॅम ३२ आणि कार्डाची स्वतःची मेमरी निदान ८ जीबी. ४ जीबीचे कार्ड दोन-तीन सजवलेल्या खोल्यांतच भरते. मग एकतर काम संदेश देऊन थांबते किंवा मुख्य रॅमचा आधार घेत रांगू लागते. लॅपटॉपमधली रॅम बोर्डालाच कायमची डाखलेली आहे का हेही विचारा, कारण तशी असेल तर पुढे वाढवता येणार नाही.

लॅपटॉपच्या कार्डाचे नाव सारखे असले तरी ताकद सारखी नसते. तेच कार्ड एका लॅपटॉपमध्ये किती वॅटवर चालते आणि दुसऱ्यात किती, यावर वेग ठरतो. माहितीपत्रकात हा आकडा शोधा. रेंडर करताना, म्हणजे फोटोसारखे चित्र तयार होताना, चार्जर लावलेला हवा, बॅटरीवर गती उतरते. आणि नवे यंत्र घेऊनही चित्र अडखळत असेल तर आधी दोन गोष्टी तपासा. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतील तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असे जाऊन त्या सॉफ्टवेअरला ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा. नाहीतर महागडे कार्ड झोपलेले आणि छोटे राबतेय असे होते. डेस्कटॉपला मॉनिटरची केबल कार्डात खोचली आहे ना, की वरच्या मदरबोर्डाच्या खाचेत, ते मागे वाकून पाहा. हा प्रकार वाटतो त्यापेक्षा फार आढळतो.

माऊस साधा चालेल, पण चाक दाबता येणारा हवा. स्केचअप आणि ब्लेंडर दोन्हींत चाक दाबून दृश्य फिरते, शिफ्टसह दाबले की सरकते. टचपॅडवर घर काढणे म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवणे. पडद्याबाबत, लॅपटॉपच्या माहितीत ‘४५ टक्के एनटीएससी’ (रंगांच्या व्याप्तीचे एक माप) असे लिहिले असेल तर रंग फिके दिसणार. एसआरजीबी या प्रचलित रंगमापाचे जवळपास शंभर टक्के रंग दाखवणारा आयपीएस प्रकारचा पडदा घ्या. तरीही भिंतीचा रंग पडद्यावरून ठरवू नका. तीच छटा २७०० केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली आणि ६५०० च्या पांढऱ्या उजेडात दोन वेगळ्या रंगांसारखी दिसते, म्हणून रंगवलेला तुकडा त्याच भिंतीवर टेकवून पाहावा लागतो.

चित्र पाहताना कॅमेरा कुठे ठेवला आहे तेही बघा. उंची १५०० ते १६०० मिमी ठेवा आणि दृश्यकोन ६५ अंशांच्या आसपास. ९० अंशांवर लहानशी खोली दिवाणखान्यासारखी दिसते, आणि मोठ्या सोफ्याचा निर्णय अशाच चित्रावरून होतो. मांडणी तपासायला चित्रापेक्षा नकाशा प्रामाणिक: ये-जा करायला ९०० मिमी, पलंगाच्या बाजूला ६००, खुर्ची मागे ओढून उठायला ७५० मोकळे आहे का ते आयत काढून ठेवून पाहा. उन्हाचा अंदाज हवा असेल तर ठिकाण आणि उत्तर दिशा भरल्याशिवाय पडलेली सावली नुसती शोभेची असते.

शेवटची अडचण छपाईची. ए-३ साठी १:५० ने मांडलेला नकाशा ‘पानात बसवा’ म्हणून ए-४ वर छापला की तो १:७१ च्या आसपास होतो, आणि सुतार त्यावर पट्टी ठेवून मोजतो. छापताना १०० टक्के निवडा आणि नकाशाच्या कोपऱ्यात एक मीटरची मोजपट्टी काढून ठेवा. १:५० वर ती कागदावर २० मिमी भरली पाहिजे. १४ भरली तर तो कागद सुतारापर्यंत जाऊ देऊ नका.

आपला,
एक गृहरचनाकार वाचक