सुईण ओळखीची असेल तर

महोदय,

ऑस्ट्रेलियातील मूळनिवासी अ‍ॅबोरिजिनल समाजाच्या माता-बालकांचा विषय निघाला की ‘त्या बायका तपासणीलाच येत नाहीत’ असे इथे सिडनीत आपल्या मराठी मंडळींकडूनही ऐकू येते आणि फार वाईट वाटते. ज्या समाजाची मुले सरकारी धोरणाने पिढ्यानपिढ्या आयांपासून तोडली गेली आणि ज्याबद्दल २००८ साली पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली, त्या समाजातील गरोदर बाईला रुग्णालयाची पायरी चढताना धास्ती वाटणारच. म्हणूनच न्यू साउथ वेल्सच्या अ‍ॅबोरिजिनल माता-बाल आरोग्य सेवेत प्रशिक्षित सुईणीबरोबर त्याच समाजातील आरोग्यसेविका असते. ही जोडी घरी जाते, बाळ नीट दूध ओढते का ते पाहते, त्याचे वजन करून बाळाच्या आरोग्याच्या नोंदी ठेवण्याच्या ‘निळ्या पुस्तकात’ नोंदवते. ब्रिस्बेनमध्ये अ‍ॅबोरिजिनल संस्थांच्या भागीदारीतून २०१३ पासून चाललेल्या अशाच उपक्रमात ओळखीची सुईण गरोदरपणापासून बाळ सहा आठवड्यांचे होईपर्यंत सोबत राहते, आणि तिथे अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे नेहमीच्या सेवेच्या तुलनेत स्पष्टपणे कमी झाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले, हे ठाऊक असलेल्या आपल्याला यात नवल वाटू नये. २०३१ पर्यंत ९१ टक्के मूळनिवासी बाळांचे जन्मवजन निरोगी असावे, असे इथल्या सरकारांचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी या सेवांना कायमस्वरूपी निधी द्यावा आणि तो याच समाजाच्या संस्थांच्या हाती सोपवावा.

– एक वाचक, सिडनी