वाळवंटातलं घर आमच्या किनाऱ्यावर कशाला? मंत्रीमहोदयांना खुलं पत्र

माननीय मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात घरं गेली त्यांच्यासाठी आमच्या गावात तुम्ही प्रीफॅब, म्हणजे कारखान्यात भाग बनवून इथे आणून जोडलेली, घरं बांधून दिलीत, त्यातल्याच एकात मी, बायको, दोन मुलं आणि आई राहतो. चावी देताना स्टेजवरून म्हणालात, ३० वर्षं बघायला नको. परवाच्या पावसात स्वयंपाकघराचं सीलिंग खाली आलं. तक्रार केली तर साइटवरचे इंजिनियर म्हणतात, हेच डिझाइन वाळवंटात ५० डिग्रीत टिकलंय, तुम्हालाच वापरता येत नाही.

साहेब, जैसलमेरला वर्षाला २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आमच्याकडे ३००० च्या वर, त्यांचा वर्षाचा पाऊस आमच्याकडे आषाढात कधी कधी एका दिवसात पडून जातो. तिथे सपाट छप्पर चालतं, इथे त्यावर तळं साचतं आणि पॅनलच्या सांध्यातून आत येतं. तिकडे खिडक्या छोट्या ठेवतात कारण दुपारची गरम हवा आत नको असते, आमच्याकडे वारा आरपार गेला नाही की आठवड्यात भिंतीला बुरशी. तिथल्या कोरड्या हवेत कूलर काम करतो, इथे लावला तर अंथरूण ओलं होतं. आणि खारा वारा! पत्र्याचे स्क्रू दुसऱ्या पावसाळ्यातच गंजले, हाताने ओढले तर निघतात.

कारखान्यात घर बनवायला माझा विरोध नाही, लवकर होतं, माल वाया जात नाही, चांगलंच आहे. पण वाळवंटात असं घर बांधणारे आधी तिथलं ऊन बघतात. कॅलिफोर्नियात डेझर्ट हॉट स्प्रिंग्स गावाजवळ मार्मोल रॅडझिनर या आर्किटेक्ट लोकांनी २००५ मध्ये स्टीलचे तयार भाग ट्रकने नेऊन एक घर उभं केलं, त्याला उन्हासाठी खोल छज्जे आहेत, वर सोलर आहे, बाहेर छताखाली बसायची मोठी जागा आहे. म्हणजे वाळवंटातल्या माणसाने पडवी ठेवली आणि तुम्ही कोकणातल्या घराची पडवी काढून टाकलीत! खर्च वाचवायला? आमचे जुने गवंडी चिऱ्याचं उंच जोतं, उतरती कौलं आणि पडवी का ठेवायचे हे एकाला तरी विचारलंत का?

माझी आई दम्याची पेशंट आहे. त्या बुरशीच्या वासात रात्रभर बसून काढते, आडवी झाली की श्वास लागतो. पश्चिमेच्या भिंतीला आम्ही नारळाची झापं बांधली तर नोटीस आली की कॉलनीचं स्वरूप बिघडतं. मुलांची पुस्तकं भिजली. वादळात आमची सुपारीची वाडी आडवी झाली तेव्हा हेक्टरी ५० हजार जाहीर झाले, आमची वाडी गुंठ्यांत, हातात काय आलं असेल ते तुम्हीच हिशोब करा, आणि सुपारी धरायला किती वर्षं लागतात तेही कोणाला तरी विचारा. आता हे घरसुद्धा आम्हीच दुरुस्त करायचं का?

सगळ्यांना २०२२ पर्यंत घर मिळणार होतं. १ जानेवारी २०२१ ला नव्या टेक्नॉलॉजीने घरं बांधून बघायच्या सरकारी 'लाइट हाउस प्रोजेक्ट'ची पायाभरणी झाली, इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरताळा, लखनौ, यात एकतरी गाव कोकण किनाऱ्यावरचं आहे का? वादळं आमच्याकडे येतात, दरडी आमच्याकडे कोसळतात, आणि प्रयोग दुसरीकडे होतात, मग उरलेला नकाशा आमच्या माथी. टेंडर काढणाऱ्याने पाऊस बघितलेला नसतो, बिल पास करणारा उन्हाळ्यात साइटवर येतो, आणि पावसाळ्यात फोन उचलत नाही. आमदार म्हणतात माझं खातं नाही, कलेक्टर ऑफिसात म्हणतात वरून आलंय. वरून म्हणजे कुठून? तुम्हीच ना?

आता दुसऱ्या टप्प्याची घरं याच नकाशाने बांधणार असं ऐकतोय. ते काम आधी थांबवा. उतरतं छप्पर द्या, छज्जे निदान तीन फूट बाहेर काढा, पडवी द्या, जोतं उंच घ्या, न गंजणारे स्क्रू वापरा, आणि एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत कॉन्ट्रॅक्टरचं शेवटचं बिल देऊ नका. आमच्या सीलिंगचं काम गणपतीच्या आत झालं पाहिजे. आणि मला उत्तर लेखी पाहिजे, सहीनिशी, फोनवर "बघतो" नको.

आपला,
रायगड किनाऱ्यावरचा एक घरधारक