नववीच्या वर्गात हिटलरवर मुलांना बोलू द्या

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

दरवर्षी नववीला नाझीवादाचा धडा आला की वर्गातला एक तरी मुलगा हात वर करून म्हणतोच, टीचर, पण हिटलरने देश तर सुधारला ना, शिस्त तर आणली ना. फोंडा तालुक्यात इतिहास शिकवून मला वीस वर्षं होत आली आणि त्यातली पहिली कितीतरी वर्षं मी त्या मुलाला तिथल्या तिथे गप्प करायचे, असं बोलायचं नाही, साठ लाख ज्यू मारले त्याने, बस खाली. मुलगा बसायचा पण मत तसंच राहायचं, फक्त माझ्यासमोर परत यायचं नाही आणि मोबाईलवर रील बघून आणखी घट्ट व्हायचं. म्हणून हे पत्र. या धड्यावर मुलांना बोलू द्या, प्रश्नसुद्धा त्यांचेच असू देत, आणि शाळांनी त्याला वेळ द्यावा, दोन पिरियडमध्ये पोर्शन संपवून टेस्टला टीप लिहा म्हणायचा हा विषयच नाही.

मी आता काय करते ते सांगते. धडा वाचून झाला की प्रत्येकाने चिठ्ठीवर एक प्रश्न लिहायचा, नाव घालायचं नाही. वर्षभर तोंड न उघडणाऱ्या मुलांचे प्रश्न बहुतेक वेळा सगळ्यात चांगले निघतात. प्रश्न फळ्यावर जातात, कुठले घ्यायचे ते मुलं ठरवतात, बाकं भिंतीला लावून सगळे गोल बसतात आणि मी पण त्यांच्यातच बसते. नियम एकच, मत मांडलं तर कशावरून ते सांगायचं, पान दाखव नाहीतर तारीख दाखव.

मागच्या पावसाळ्यात एका मुलीने सरळ कोंकणीतच विचारलं, "पूण टीचर, लोकांनीच ताका मत दिल्लें न्हय?" मी उत्तर दिलं नाही, आकडे दिले. 1928 साली नाझींना तीन टक्केसुद्धा मतं नव्हती, मग 1929 ची मंदी आली, लाखो लोक बेकार झाले, आणि जुलै 1932 मध्ये 37 टक्के झाली, तरी निम्मी नाहीतच. हिटलरला चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, नेमलं राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गने, आणि आजूबाजूच्या पुढाऱ्यांना वाटत होतं की हा आपल्या मुठीत राहील. मग मुलं तारखांच्या चिठ्ठ्या हातात धरून ओळीने उभी राहिली. 30 जानेवारी 1933 ला चॅन्सेलर, 27 फेब्रुवारीला संसदेला आग, दुसऱ्याच दिवशी नागरिकांचे हक्क बंद, आणि 23 मार्चला संसदेनेच कायदे करायचा अधिकार त्याच्या सरकारला देऊन टाकला. एकाने बोटांवर मोजलं आणि म्हणाला, 52 दिवस. कोणी काही बोललं नाही थोडा वेळ, बाहेर पाऊस पडत होता तो ऐकू यायला लागला. मग कोणीतरी हळूच विचारलं, त्या दिवशी नको कोण म्हणालं? समाजवादी लोकशाही पक्षाचे 94 खासदार, सभागृहात नाझींची युनिफॉर्ममधली माणसं उभी असताना आणि कम्युनिस्ट खासदार एकतर पकडलेले नाहीतर लपलेले असताना. तो 94 आकडा मुलांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला आणि आठवडाभर कोणाला पुसू दिला नाही. माझ्या भाषणाने हे कधी झालं नसतं.

आणि आम्हा गोंयकारांना हुकूमशहा शोधायला जर्मनीपर्यंत जायची गरज तरी कुठे आहे? आपल्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार तिथल्या कोइंब्रा विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्रोफेसर होता, 1928 ला अर्थमंत्री झाला, 1932 ला पंतप्रधान, आणि गोवा सुटला तेव्हा 1961 सालीही तोच खुर्चीवर होता. मुलांना प्रोफेसर म्हटल्यावर धक्का बसतो कारण त्यांच्या डोक्यात हुकूमशहा म्हणजे ओरडणारा माणूस. एका मुलाने आजीला विचारून आणलं की पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, काळात लग्नाची पत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागायची, आणि त्यावर वर्गात जी चर्चा झाली, पत्रिकेत असं काय असेल की सरकारला भीती वाटावी, ती मी पिरियडची घंटा होऊनही थांबवली नाही. मोहन रानडे आमच्याच तालुक्यात सावईवेऱ्याला मराठी शिकवायला आलेले मास्तर, मुक्तीच्या लढ्यात पकडले गेले, गोवा मुक्त झाला तरी ते पोर्तुगालच्या तुरुंगातच, सुटले 1969 मध्ये. 18 जूनला क्रांतिदिनाची भाषणं मुलं उन्हापावसात उभी राहून ऐकतात, पण यातलं किती त्यांच्यापर्यंत पोचतं?

मात्र सगळं एका टोपलीत टाकायचं नाही. मुलं आधी म्हणतात सालाझार म्हणजे हिटलरच, तिथे थांबवून वंशसंहार शब्दाचा अर्थ बघायला लावते. त्याचा मूळ इंग्रजी शब्द जेनोसाइड, तो राफाएल लेमकिन या वकिलाने 1944 मध्ये घडवला आणि 9 डिसेंबर 1948 ला संयुक्त राष्ट्रांनी त्यावर करार केला, एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट पूर्ण किंवा काही अंशी संपवायचाच हेतू असला पाहिजे. मग मुलंच भांडतात, हे यात बसतं, ते बसत नाही. आफ्रिकेतल्या रवांडात 1994 साली साधारण शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, रेडिओवरून तिथल्या तुत्सी समाजाच्या लोकांना झुरळं म्हणत होते, आणि ओळखपत्रावर हुतू की तुत्सी ते बेल्जियमच्या राजवटीपासून लिहिलेलं असायचं, रस्त्यात अडवून तेच कार्ड बघायचे. एका मुलीने विचारलं, कार्ड करणाऱ्या क्लार्कला माहीत होतं का पुढे काय होणार आहे? हा प्रश्न मला वीस वर्षांत सुचला नव्हता.

दोन गोष्टी मी अजिबात करत नाही. प्रेतांचे फोटो दाखवत नाही, आणि अर्ध्या वर्गाला ज्यू अर्ध्याला नाझी करून नाटक करायला लावत नाही, काही ठिकाणी हौसेने करतात पण त्यात एक तर खेळ होतो नाहीतर एखादं मूल खरोखर दुखावतं.

एका पालकांचा फोन आला होता की टीचर, मुलांना असलं कशाला, घाबरतील, शिवाय पोर्शन मागे पडतो. त्यांची काळजी मला कळते. मुलं गप्प होतात, एखादी रडतेसुद्धा, म्हणून शेवटची दहा मिनिटं मी नुसती त्यांच्याबरोबर बसते, घाईने पुढचा धडा काढत नाही. पण रीलवर तोच हिटलर हिरो म्हणून बघताना त्यांच्या शेजारी कोण बसलेलं असतं?

शिक्षण खात्याला विनंती की या धड्याला निदान पाच पिरियड द्यावेत आणि परीक्षेत एक तरी प्रश्न असा असावा ज्याचं उत्तर गाईडमध्ये सापडणार नाही. आणि वाचकांना विनंती, 1961 ला दहा वर्षांचं असलेलं माणूस आज सत्तरीच्या पुढे आहे. घरात असं कोणी असेल तर त्यांना जवळच्या शाळेत एक तास घेऊन या, जुनं काही कागदपत्र असेल तर तेही आणा, भाषण करायची गरज नाही, प्रश्न मुलं विचारतील.

आपली,
एक इतिहास शिक्षिका, फोंडा